आधी भरतीचे कोष्टक, मग रेल्वेचे तिकीट: पिरोटन बेटाच्या सहलीच्या तयारीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी निसर्ग मंडळ आहे. हिवाळ्यात हतनूर जलाशयावर पक्षी मोजायचे, पावसाळ्यात सातपुड्यात वनस्पती बघायच्या, असा त्यांचा वर्षाचा क्रम. एका वर्षी प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी जिवंत प्रवाळ बघायचे ठरवले. खान्देशातून त्यासाठी सोयीचे ठिकाण म्हणजे कच्छच्या आखातातले सागरी राष्ट्रीय उद्यान. १९८२ साली जाहीर झालेले हे देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. जामनगर ते ओखा या किनाऱ्यालगतची ४२ बेटे उद्यान आणि त्याला लागून असलेल्या अभयारण्यात येतात. पिरोटन त्यातले सर्वांत परिचित: सुमारे तीन चौरस किलोमीटरचे, कडेने तिवरांचे (खारफुटीचे) रान, एक दीपगृह आणि ओहोटीला उघडे पडणारे प्रवाळाचे पठार. बेटावर वस्ती नाही, पिण्याचे पाणी नाही. जामनगरजवळच्या बंदरातून होडीने दोन तासांच्या आसपास लागतात.

जाणारे १८ जण: १३ विद्यार्थी, एक सर, एक मॅडम आणि मंडळातले तीन ज्येष्ठ. ज्येष्ठांपैकी आप्पा ६७ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू असलेले. तापी-गिरणेत पोहलेले सात-आठ जण होते, समुद्रात होडीने गेलेला एकही नव्हता.

अडचण कुठे झाली

जळगावहून नंदुरबार, सुरतमार्गे जामनगरला थेट जाणाऱ्या गाड्या आठवड्यातून मोजक्याच दिवशी असतात. म्हणून मंडळाने आधी गाडी बघितली, मग प्रजासत्ताक दिनाला जोडून येणारा रविवार धरला आणि दीड महिना आधी १८ शयनयान तिकिटे काढून टाकली. हा पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा निर्णय. त्या रविवारी तिथी कोणती हे कोणी पाहिले नव्हते. ती नवमी होती.

होडी चालवणाऱ्या तांडेलाला फोन लागला तेव्हा त्याने तारीख ऐकताच विचारले, "त्या दिवशी भांग आहे, तुम्हाला काय बघायचंय?"

जमिनीवरच्या माणसाला हा प्रश्न कळायला थोडे थांबावे लागते. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाची भरती असते: पाणी खूप चढते आणि तितकेच खाली उतरते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती: चढही कमी, उतारही कमी. जामनगरच्या पट्ट्यात उधाणाला पाण्याच्या पातळीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो, म्हणजे दीड मजल्याइतका. भांगाला तो बराच घटतो आणि प्रवाळाचे पठार नीट उघडे पडतच नाही. नवमीला गेलेल्या माणसाला गढूळ पाण्याखाली काळपट काहीतरी दिसते, एवढेच.

दुसरी गोष्ट वेळेची. भरती रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्या रविवारी पूर्ण भरती सकाळी साडेआठच्या सुमारास, ओहोटी तीनच्या आसपास आणि पुढची भरती रात्री नऊला होती. बंदराची खाडी चिखलाची आहे, ओहोटीला होड्या तिथे जमिनीवर टेकलेल्या असतात. तांडेलाच्या हिशेबाने परतीला खाडीत शिरण्याएवढे पाणी संध्याकाळी सातनंतरच मिळणार होते. म्हणजे जानेवारीच्या थंडीत परतीच्या प्रवासाचा शेवट अंधारात.

मंडळातल्या एका ज्येष्ठांना कोकणातला आडाखा माहीत होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. नवमीला पावणेसात. त्यावर विसंबून त्यांनी "संध्याकाळी सातला पूर्ण भरती, उजेड असतानाच निघू" असे सगळ्यांना सांगून ठेवले होते. आडाखा कोकण किनाऱ्यापुरता ढोबळमानाने ठीक आहे. कच्छच्या आखातात भरतीची लाट ओख्याकडून आत शिरते आणि जसजशी कांडल्याकडे जाते तसतशी वेळ पुढे ढकलली जाते. इथे फरक दोन तासांचा पडत होता, आणि नेमक्या त्याच दोन तासांत सूर्य मावळतो. भरतीचे वार्षिक कोष्टक भारतीय सर्वेक्षण विभाग छापतो. त्यातल्या जवळच्या बंदराची वेळ घ्यायची आणि तांडेलाकडून स्थानिक फरक विचारून घ्यायचा, हाच खरा मार्ग.

कोणते पर्याय होते

तारीख तीच ठेवून अंधारात परतायचे, हा पहिला पर्याय. सहा विद्यार्थी त्याच्या बाजूने होते, कारण तिकिटे हातात होती. मॅडमनी त्याला ठाम विरोध केला. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या दिवशी धडगाव तालुक्यात नर्मदेच्या पाण्यात जास्त माणसे भरलेली बोट उलटली, लेकरे गेली. नंदुरबार-धुळे-जळगावकडच्या माणसाला ती बातमी विसरता येत नाही. ती घटना भरदिवसाची होती, मग रात्री समुद्रात काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला कोणाकडेही उत्तर नव्हते.

बेटावर रात्र काढून सोमवारी सकाळच्या भरतीला निघायचे, हा दुसरा. त्यासाठी मुक्कामाची वेगळी परवानगी लागते, पाणी दुपटीने न्यावे लागते आणि एवढे करूनही प्रवाळ दिसत नाही. तो लगेच बाजूला पडला.

तिसरा पर्याय बेट सोडून नरारा गाठण्याचा. वाडीनारजवळचे नरारा याच उद्यानाचा भाग आहे, पण तिथे गाडीने जाता येते आणि ओहोटीत चालत प्रवाळापर्यंत पोचता येते. होडी नाही, खाडीची अडचण नाही. मात्र त्यालाही उधाणाचीच ओहोटी हवी, त्यामुळे नवमीला तेही फोल.

चौथा पर्याय सरांनी कागदावर मांडला. पुढच्या महिन्यातल्या पौर्णिमेनंतरची तृतीया ते षष्ठी हे चार दिवस घ्यायचे. तृतीयेला पाणी उधाणाचे असते आणि ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास येते, म्हणून त्या दिवशी नरारा. षष्ठीला उतार थोडा कमी, पण सकाळची भरती सव्वासहाला आणि संध्याकाळची पावणेसातला, म्हणून त्या दिवशी बेट. उजाडल्यावर निघायचे, मावळायच्या आत परत यायचे. बेटावर प्रवाळ कमी दिसले तरी नराराला ते पाहून झालेले असेल.

विरोध पैशांचा होता. त्या वेळच्या नियमाप्रमाणे शयनयानाचे पक्के तिकीट ४८ तासांहून आधी रद्द केल्यास माणशी १२० रुपये कापले जात होते, म्हणजे १८ जणांचे २,१६० रुपये. शिवाय दोन दिवसांचा जादा मुक्काम. दोन बैठका झाल्या आणि चौथा पर्याय मान्य झाला. आमच्या मते हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय होता. २,१६० रुपयांत मंडळाने रात्रीचा समुद्र टाळला आणि जे बघायला निघाले होते ते दिसण्याची खात्री करून घेतली.

तयारी: परवानगी आणि होडी

बेटावर जाणे वन खाते वेळोवेळी बंद ठेवते. त्या हंगामात ते खुले होते. अर्ज जामनगरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयात करायचा, त्यासोबत प्रत्येकाचे नाव, वय, ओळखपत्राची प्रत. बंदर, कस्टम आणि सागरी पोलीस यांच्याकडेही तीच यादी जाते. हा सीमेचा समुद्र आहे, त्यामुळे यादीतले नाव आणि समोरचा माणूस जुळलाच पाहिजे. ड्रोन घरीच ठेवायचा.

होडीसाठी दोन प्रस्ताव आले. एक जवळपास निम्म्या भाड्यात, पण ती मासेमारीसाठी नोंदलेली होडी. अशा होडीला माणसे नेण्याचा परवाना नसतो, आणि जाळी ओढायला मोकळ्या ठेवलेल्या डेकवर धरायला कठडाही नसतो. मंडळाने प्रवासी परवान्याची होडी घेतली. घेण्याआधी फोनवर पाच गोष्टी विचारल्या: किती माणसांचा परवाना, लाइफ जॅकेट किती, व्हीएचएफ रेडिओ (किनाऱ्याशी बोलायचा बिनतारी संच) चालू आहे का, जादा डिझेल किती ठेवता, इंजिन बंद पडल्यास नांगर आणि दोर आहे का. तांडेलाने न कंटाळता उत्तरे दिली. जो कंटाळतो त्याची होडी घेऊ नये, असे आम्ही सांगतो.

तयारी: पाणी

पहिल्या यादीत माणशी दोन लिटर, एकूण ३६ लिटर पाणी लिहिलेले होते. आप्पांना ते पटेना. "तठे पेवाले पानी नही शे ना? मग होडी अडकनी तं?" एवढाच त्यांचा सवाल, आणि तो नेमका होता. होडी चिखलात किंवा खडकावर टेकली तर ती पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही, म्हणजे सव्वाबारा-साडेबारा तास. म्हणून हिशेब एका भरतीचा नाही, दोन भरत्यांचा धरायचा. दिवसाचे माणशी तीन लिटर म्हणजे ५४, अडकल्यास आणखी दोन लिटर म्हणजे ३६, एकूण ९० लिटर. २० लिटरचे पाच जार, तोटीसह. प्रत्येकाकडे स्टीलची बाटली. विकतच्या पाण्याच्या छोट्या बाटल्या नेल्या तर त्या वाऱ्याने उडून तिवरांच्या मुळांत अडकतात आणि तिथून काढता येत नाहीत.

जारांचे वजन शंभर किलो होते. ते होडीच्या मध्यावर, तळाशी, दोराने बांधून ठेवायचे. एका बाजूला ठेवले तर होडी दिवसभर कलूनच चालते.

तयारी: खाणे, पोशाख आणि आडोसा

खाण्याला खान्देशी घर उपयोगी पडले. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात, तळलेली बट्टी तीन दिवस. मेथीचे लाडू, गूळ-शेंगदाणे. ठेचा, पापड आणि खारी शेव मात्र मुद्दाम वगळली, कारण खारट-तिखटाने तहान वाढते आणि पाणी मोजके असते. केळी घेतली, पण साली परत आणायच्या हे आधीच ठरले. सकाळी निघताना पोट रिकामे ठेवायचे नाही आणि तुडुंबही भरायचे नाही: एक दशमी, थोडा गूळ. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. ती गोळी आप्पांच्या रक्तदाबाच्या औषधासोबत चालते का, हे डॉक्टरांकडून लिहूनच आणले.

पायात काय घालायचे यावर बराच खल झाला. शेतात पाणी भरायला वापरतात ते गमबूट चार जणांनी आणायचे ठरवले होते. समुद्रात ते घातक आहेत: वरून पाणी शिरले की बूट भरतो, जड होतो आणि चिखलातून पाय निघत नाही. चप्पल तर पहिल्याच पावलाला चिखलात राहते. जुने कॅनव्हासचे बूट, लेस घट्ट, आत जाड मोजे, हेच बरोबर. प्रवाळाची कड ब्लेडसारखी असते आणि त्याने झालेली जखम लवकर भरत नाही. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, म्हणजे अंगाला क्रीम फासून ते पाण्यात सोडावे लागत नाही.

एक गोष्ट पुरुषांच्या यादीत कधीच नसते. होडीवर शौचालय नव्हते, आणि जायचे-यायचे धरून अकरा-साडेअकरा तास होत होते. मॅडमनी स्पष्ट सांगितले की सोय नसेल तर मुली सकाळपासून पाणी पिणार नाहीत आणि दुपारच्या उन्हात चक्कर येऊन पडतील. मग बांबूच्या चार काठ्या, जाड कापडाचा आडोसा, झाकणाची बादली आणि पाच किलो लाकडाचा भुसा घेतला. प्रत्येक वापरानंतर मूठभर भुसा टाकायचा, बादली झाकून परत आणायची. खर्च चारशेच्या आत.

प्रत्यक्षात काय झाले

नराराचा दिवस उत्तम गेला. साडेआठला पाण्याच्या मागोमाग चालायला सुरुवात केली, नऊ-नऊ जणांच्या दोन तुकड्या, प्रत्येकीसोबत एक वाटाड्या. मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळ, समुद्रफुले, खडकाखाली दडलेला ऑक्टोपस, समुद्रकाकडी, फुगा मासा. नियम एकच कडक होता: ओहोटीची जी वेळ आहे त्या मिनिटाला माघारी वळायचे, "अजून थोडे पुढे" नाही. सपाट पठारावर पाणी समोरून येत नाही, ते आधी मागच्या ओढ्यांत भरते. पहिल्या तासात ते थोडेच चढते, तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगाने.

एका वाटाड्याने फोटोसाठी फुगा मासा पाण्याबाहेर उचलून धरला. मासा फुगतो तो भीतीने, आणि हवेत फुगणे त्याच्या जिवावर बेतू शकते. सरांनी त्याला थांबवले, पण तोवर दोन फोटो निघाले होते. सुरुवातीलाच सांगायला हवे होते. शिंपले आणि मेलेल्या प्रवाळाचे तुकडे खिशात टाकलेल्या दोघांना ते परत ठेवायला लावले. प्रवाळ आणि समुद्रकाकडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सर्वोच्च संरक्षण आहे, मेलेला तुकडाही त्यात येतो.

मधले दोन दिवस खिजडिया पक्षी अभयारण्य आणि विश्रांती. षष्ठीच्या आदल्या संध्याकाळी सर धक्क्यावर जाऊन होडी बघून आले, आणि तिथे चूक सापडली. लाइफ जॅकेट २० होते, पण चारांचे बक्कल तुटलेले. कंबर दुखत असल्याने आप्पांनी किनाऱ्यावरच थांबायचे ठरवले होते तरी १६ प्रवासी आणि तीन खलाशी मिळून १९ लागत होते. तांडेलाने रात्रीतून शेजारच्या होडीवरून पाच आणले. सकाळी प्रत्येकाला जॅकेट घालून दोन्ही खांद्यांना धरून वर ओढले. हनुवटीच्या वर सरकले तर पट्टा सैल. तिघांचे सरकले.

प्रवासी १७ चे १६ कसे झाले, तेही सांगायला हवे. एका विद्यार्थ्याला जळगावहून निघताना ताप होता, म्हणून त्याच्या जागी चुलतभाऊ आला, स्वतःचे आधार कार्ड घेऊन. नराराला त्याचे नाव दारावर लिहून घेतले गेले. बेटाच्या यादीत तो नव्हता आणि त्याला होडीत बसू दिले नाही. मुलगा रडवेला झाला. मग तो आणि आप्पा धक्क्यावर थांबले, हातात यादी, तांडेलाचा नंबर, परतीची वेळ, आणि तटरक्षक दलाचा १५५४ व सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन क्रमांक. सातपर्यंत होडी दिसली नाही तर फोन करायचा, असे ठरले.

होडी सव्वासातला सुटली. जाताना दोघांना उलट्या झाल्या, दोघांनीही गोळी होडीत बसल्यावर घेतली होती. बेटाला होडी लागत नाही. कमरेच्या खाली पाणी आले की उतरायचे आणि दोनशे मीटर चालायचे, पाय उचलून नाही तर तळ घासत, म्हणजे वाळूत दडलेला, शेपटीचा काटा मारणारा पाकट मासा आधीच सरकतो. साडेबाराच्या ओहोटीला कडेचे प्रवाळ काही ठिकाणीच उघडे पडले, अपेक्षेइतकेच. तिवरांची श्वसनमुळे, खेकड्यांची बिळे, किनारपक्ष्यांचे थवे यात चार तास कमी पडले.

परतीची वेळ चार-चाळीसची होती. तोवर भरतीचे तीन चतुर्थांश पाणी चढलेले असते. दोन मुले तिवरांकडे लांब गेली होती, त्यांना आणण्यात २० मिनिटे गेली. दुपारनंतर वायव्येचा वारा वाढला होता आणि आडव्या लाटांनी सगळे भिजले. कोरडे कपडे बॅगांच्या तळाशी आणि बॅगा जारांच्या खाली, त्यामुळे मुली कुडकुडत बसल्या. खाडीच्या तोंडाशी होडी धक्क्याला लागली तेव्हा सूर्य मावळून दहा मिनिटे झाली होती आणि आप्पा फोन हातात घेऊन उभे होते. ९० लिटरपैकी ४५ लिटरहून जास्त पाणी उरले.

काय वेगळे करता आले असते

बेटावरून होडी सुटण्याची वेळ सगळ्यांना तांडेलाच्या वेळेपेक्षा अर्धा तास आधीची सांगायला हवी होती. २० मिनिटांच्या उशिराने परतीचा सगळा उजेड खाल्ला. त्याच दिवशी वारा आणखी वाढला असता तर तांडेलाकडे वेग कमी करण्याची मोकळीकच उरली नसती. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा आणि हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज आदल्या रात्री पाहिला होता. त्यात दुपारनंतर वारा वाढेल असे दिसत होते, पण त्यावरून कार्यक्रम तासाभराने आखडता घ्यावा, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

किनाऱ्यावर थांबणारा माणूस योगायोगाने मिळाला. आप्पांची कंबर दुखली नसती आणि त्या चुलतभावाचे नाव यादीत असते तर धक्क्यावर कोणीच नसते, आणि सोळा घरांपैकी एकालाही होडी कधी परतायची हे ठाऊक नव्हते. हे काम पहिल्या बैठकीतच एकाला नेमून द्यायचे असते.

यादी देताना दोन नावे राखीव म्हणून जोडून परवानगी घेता येते का, हे वन खात्याला विचारायला हवे होते. अर्ज दहा दिवस आधी गेला होता, विचारायला वेळ होता. लाइफ जॅकेटची तपासणी आदल्या संध्याकाळऐवजी नराराच्या दिवशीच करता आली असती, आणि कोरड्या कपड्यांची एक वेगळी पिशवी, रबरी आवरणात, होडीच्या पुढच्या भागात वर ठेवायला हवी होती.

पाणी जास्त नेले, अशी तक्रार परतीच्या गाडीत दोघांनी केली. ते बरोबर नाही. उरलेले पाणी हे न घडलेल्या अडकण्याचे पाणी होते. पुढच्या हिवाळ्यासाठी मंडळाने तेच ९० लिटर कायम ठेवले आहेत, आणि गाडीचे वेळापत्रक उघडण्याआधी तृतीया आणि षष्ठीच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवल्या आहेत.